राखेवर पोस्टिंग

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडली नाहीस, पण आवाज बसला होता. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र मिळालं, पण टर्बाइन नाही, कंट्रोल रूम नाही, तर ॲश हँडलिंग, म्हणजे राख हलवायचा विभाग. "काका, चार वर्षं शिकून राख उपसायला बसवलं मला." तुझ्या वयात मीही हेच म्हणालो होतो, फक्त जरा शिवराळ भाषेत.

आता हिशेब कर. ५०० मेगावॅटचा वीजसंच पूर्ण भाराने चालला की तासाला तीनशे टनांवर कोळसा खातो. आपल्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राखच. म्हणजे एकेका संचातून तासाला शंभर टनांहून जास्त राख, रात्रंदिवस. तिथे असे पाच संच आहेत, शिवाय २१० चे दोन. मिळून २,९२० मेगावॅट. १९८३ साली २१० च्या ज्या संचाने श्रीगणेशा झाला, तो आणि त्याचा जोडीदार आता माझ्यासारखेच निवृत्त. (ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिराबाई उद्घाटन करून गेल्या आणि त्याच महिनाअखेरीस त्यांची हत्या झाली. जुने लोक अजून सांगतात.) ही राख उचलली गेली नाही तर टर्बाइनवाल्यांचा रुबाब किती तास टिकेल, तूच सांग.

आणि राख बोलते. बॉयलरच्या पोटात काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं, पण काय बिघडतंय ते बऱ्याचदा आधी राखेत दिसतं. थंड झालेला नमुना चिमटीत घेऊन चोळ. मऊ, करडी, पिठासारखी लागली तर ठीक. काळपट, खरखरीत लागली तर कोळसा अर्धवट जळतोय. कोळसा दळणाऱ्या मिलमधून भुकटी जाड येतेय का, जाड कण परत पाठवणारा क्लासिफायर नीट आहे का, हवा कमी पडतेय का, विचारत सुट. लॅबचा आकडा येईपर्यंत तुझ्याकडे प्रश्न तयार हवेत.

ईएसपी म्हणजे धुरातली राख विजेच्या जोरावर पकडणारं यंत्र; त्याच्या हॉपरखाली, म्हणजे राख साठते त्या निमुळत्या पात्राखाली, रोज उभी राहा. हॉपर भरून राख वर इलेक्ट्रोडला टेकली की फील्ड (राख ओढणारा विजेचा टप्पा) शॉर्ट होते आणि चिमणीचा धूर गावाला दिसतो. लहान हातोडीने पत्रा ठोक. पोकळ वाजला तर रिकामा, बद्द वाजला तर भरलेला. हॉपरचे हीटर बंद पडले की राख गार होते, ओल धरते आणि गच्च बसते. मग कितीही ठोका.

इथे माझी एक चूक सांगतो. केंद्राचं नाव नको. तुंबलेल्या हॉपरचं झाकण मी घाईत उघडायला लावलं. गरम राख भुकटीसारखी पडत नाही गं, पाण्यासारखी वाहते. सळई घेऊन उभ्या असलेल्या हेल्परच्या बुटात शिरली. दीड महिना तो घरी होता. मी दर रविवारी जायचो, तो चहा पाजायचा आणि विषय काढायचा नाही. म्हणून परमिट (कामाची लेखी परवानगी), तोंडावर शील्ड, पायांत गेटर (बूट-पिंडरी झाकणारं आवरण), आणि उघडताना समोर कुणी नाही. साहेब वरून कितीही ओरडोत.

पाण्याकडेही लक्ष ठेव. पाण्यात कालवून (स्लरी करून) राख बंडावर, म्हणजे बांध घातलेल्या राखेच्या तळ्यावर पाठवायची तर पाणी लागतं, आणि ते इरई धरणाचं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते. बंडावरून निथळून परत येणारं पाणी किती आणि वाया किती, हे तुझ्या वहीत रोज असू दे. कोरडी राख सिमेंटवाल्यांना आणि विटांना जाते. जितकी कोरडी जाईल तितकं पाणी वाचतं.

बंडाकडे राउंडला जाशील तेव्हा गाडीतून जा, आणि संधिप्रकाशात तर खाली उतरूच नकोस. ताडोबा लागूनच आहे, आवारातल्या झुडपांत वाघ-बिबट्या फिरतात. ही थट्टा नाही. पहिल्या आठवड्यात काय काय दिसलं ते सविस्तर लिही, आणि राखेचा रंग कसा होता तेही.

तुझा,
काका