१२ व्होल्टची मोटर आणि बल्बमधला ड्रायव्हर

मखरामागच्या चक्राची १२ व्होल्टची गिअर मोटर बॅटरीवर नीट फिरते, १ अँपियरच्या अडॅप्टरवर टक-टक करत नुसते झटके खाते, आणि दुकानदार म्हणतो, "जुन्या एलईडी बल्बमधला ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं छोटं सर्किट) काढून लावा." तुमची पोस्ट वाचताच जुनं दुखणं ओळखलं. अडॅप्टरचं सोपं आहे, ते नंतर. ड्रायव्हर लावू नका. लावला असेल तर आधी प्लग काढा, मग पुढे वाचा.

स्वस्त बल्बात घरच्या विजेपासून आउटपुट वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा नसतोच. एक ४०० व्होल्टचा कपॅसिटर आणि त्यामागे एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, किंवा एखादी छोटी आयसी. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर १ मायक्रोफॅरडमधून जेमतेम ७० मिलिअँपियर मिळतात. तेवढ्यावर तुमची मोटर हलणारही नाही. पण मला काळजी आहे ती वेगळीच. अशा ड्रायव्हरचं आउटपुट थेट फेज-न्यूट्रलला जोडलेलं राहतं. आउटपुटच्या दोन वायरींमध्ये मीटर थोडेच व्होल्ट दाखवतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण त्यातली एक वायर आणि जमीन यांच्यामध्ये घरचा पूर्ण दाब असू शकतो. "कपॅसिटरमुळे करंट कमीच राहतो" असं सांगणारे भेटतील. ७० मिलिअँपियर माणूस मारायला पुरतात. शिवाय दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो आणि तसा बसला की शॉकच्या वाटेत कपॅसिटर येतच नाही. १२ व्होल्टच्या मोटरच्या आतलं इन्सुलेशन २३० साठी केलेलं नसतं. ब्रशची कार्बनची भुकटी साचली की बॉडी, बॉडीवरून शाफ्ट, शाफ्टवरून चमकीचा कागद लावलेलं चक्र, आणि समोर आरतीला उभी असलेली मुलं. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती पडेलही, पण करंट कुणाच्या तरी अंगातून गेल्यावर.

हाताशी असलेला कुठलाही सप्लाय असा तपासा: प्लग बोर्डातून काढून दोन मिनिटं थांबा. मीटर डायोड मोडवर. लाल टोक आउटपुटच्या मायनसला, काळं प्लगच्या एकेका पिनेला. मग काळं आउटपुटच्या प्लसला आणि लाल एकेका पिनेला. कुठेही ०.५–०.६ च्या आसपास आकडा आला तर तो सप्लाय मोटरला लावायचा नाही. आकडा न येणं म्हणजे चांगल्या दर्जाची हमी नव्हे, हे लक्षात असू द्या.

आता टक-टक. थांबलेल्या मोटरला अडवणारा फक्त वाइंडिंगचा रोध असतो. फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट उतरतो. मोटरच्या दोन टोकांत रोध मोजा, शाफ्ट थोडाथोडा फिरवत चार-पाच वेळा, आणि सगळ्यांत कमी आकडा धरा. मीटरच्या वायरींचा रोध त्यातून वजा करा. समजा २.४ ओहम आला, तर सुरुवातीचा करंट १२ भागिले २.४, म्हणजे ५ अँपियर. १ अँपियरचा अडॅप्टर तिथे स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. तो खराब नाही, लहान आहे. विकणारे मात्र कागदावर फक्त बिनभाराचा, म्हणजे मोटर मोकळी फिरतानाचा करंट लिहितात, याचा मला खरोखर राग येतो. त्या एका आकड्यापायी लोक चुकीचा अडॅप्टर घेतात आणि मग असल्या सल्ल्यांना बळी पडतात.

बीआयएसची खूण असलेला बंद १२ व्होल्ट, ५ अँपियर अडॅप्टर घ्या. जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (पत्र्याच्या डब्यातला पॉवर सप्लाय) घेतलात तर अर्थिंग जोडलंच पाहिजे, नाहीतर बॉडीला झिणझिण्या येतात. त्याच्या २३० च्या स्क्रूंवर झाकणही हवं. ट्रान्सफॉर्मर आवडत असेल तर १२ व्होल्ट, ३ अँपियरचा आणि ब्रिज पुरे, मोटरला फिल्टर कपॅसिटर लागत नाही. उलट तो लावलात तर व्होल्टेज १५ च्या वर जातं. (मी परवानाधारक वायरमन नाही. बोर्डाच्या आतलं काम त्यालाच करू द्या.)

वेग कमी करायला अडॅप्टरच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. अडॅप्टर जमेल तोवर १२ व्होल्टच देत राहतो, मग अडखळतो, कधी जळतो. वेगासाठी १२ व्होल्टच्या बाजूला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणारा) लावा किंवा कमी आरपीएमची मोटर घ्या. दिशा बदलायची असेल तर मोटर पूर्ण थांबू द्या, कारण चालू मोटर उलटी केली तर करंट सुरुवातीच्या जवळपास दुप्पट होतो.

आणि मोटरच्या प्लस वायरीत २ अँपियरचा स्लो-ब्लो (सुरुवातीचा क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) फ्यूज घाला. मखराचं कापड चक्रात अडकलं तर ५ अँपियरवर ६० वॉट उष्णता कोंडते, आणि ५ अँपियरचा अडॅप्टर ती निमूटपणे पुरवत राहतो.