वाचक विचारतात : शाई न लागता निवडून आलेला खासदार

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. आम्ही केळापूर तालुक्यातल्या लहान गावात राहतो. घरची कपाशी-तुरीची शेती आहे. राज्यसभेची निवडणूक आली की आमदार बसमध्ये बसून हॉटेलात जाताना टीव्हीवर दिसतात. गावात मात्र कुणी मत मागायला येत नाही, की शाळेत केंद्र लागत नाही. सासरे म्हणतात, "आपल्याले कोनी इचारलंच नाई, मंग हा खासदार आपला कसा?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही. हे मतदान होतं कसं? आणि त्या खासदाराशी आमचा संबंध काय?
— एक गृहिणी, पांढरकवडा परिसर

उत्तर : ताई, सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांना सांगा, तुम्ही आर्णी मतदारसंघात विधानसभेसाठी बटण दाबलं, त्याच दिवशी राज्यसभेचं मतही आमदाराच्या स्वाधीन केलं. फक्त ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. प्रचारसभेत रस्त्याचं बोलतात, सोयाबीनच्या भावाचं बोलतात. "राज्यसभेला मी कुणाला मत देणार" हे कुणी बोलत नाही. मला याची फार खंत वाटते.

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात. म्हणून आपल्याकडे कधी सहा, कधी सात जागांची निवडणूक लागते. मतदार म्हणजे विधानसभेचे २८८ आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना इथे मत नाही. जागांइतकेच अर्ज राहिले तर मतदानच होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहाही जण असेच बिनविरोध गेले.

मतपत्रिका कागदाची असते. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच नावासमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. आमदाराने खिशातलं पेन वापरलं तर मत बाद. आकडा घातल्यावर ती पत्रिका घडी घालून पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. २००३ च्या कायदेबदलापासून हे मतदान खुलं झालं. पण दाखवायची ती त्याच प्रतिनिधीला, आणि नुसती दाखवायची. अपक्षाने तर कुणालाच दाखवायची नाही.

आता मोजणी. ती कळली की हॉटेलाचं कोडं आपोआप सुटतं. १० जून २०२२ ची निवडणूक घ्या. सहा जागा, सात उमेदवार. आमदार २८८, पण अंधेरी पूर्वची जागा निधनाने रिकामी होती. अनिल देशमुख आणि नवाब मलिक कोठडीत होते, त्यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही. मतं पडली २८५. पत्रिका दाखवण्यात नियम मोडला म्हणून नांदगावचे सुहास कांदे यांचं मत आयोगाने बाद केलं. उरली २८४. इथे जरा थांबा, ताई. देशमुख काटोलचे आमदार. म्हणजे काटोल-नरखेडच्या संत्रा बागाईतदारांनी उन्हात रांग लावून दिलेलं मत त्या दिवशी मुंबईच्या विधान भवनात पोचलंच नाही. आमदाराची खुर्ची रिकामी राहिली की आपलं काय जातं, ते यावरून समजावं.

प्रत्येक पत्रिकेची किंमत १०० धरतात. २८४ चे झाले २८,४००. जागा सहा, त्यात एक मिळवून सातने भागायचं आणि भागाकारात एक मिळवायचा : ४,०५८. हा कोटा. ज्याची बेरीज तिथे पोचली तो निवडून आला; म्हणजे ४१ मतं हवीत. भाजपचे पीयूष गोयल आणि डॉ. अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची ४८-४८ मतं होती. दोघांकडेही प्रत्येकी ७४२ जास्तीचे उरले. ते वाया जात नाहीत. त्याच पत्रिकांवर पुढची पसंती ज्याची, त्याच्याकडे जातात. म्हणून पहिल्या पसंतीची ३३ मतं मिळवणारे शिवसेनेचे संजय पवार हरले आणि २७ मिळवणारे भाजपचेच धनंजय महाडिक जिंकले. मुलांना हे शिकवताना मी फळा सोडून ताटात तुरीचे दाणे मांडायचो. कोट्यावरचे दाणे एका ढिगातून दुसऱ्या ढिगात सरकवले की शेवटच्या बाकावरचं पोरही "आत्ता समजलं" म्हणायचं. सासऱ्यांनाही तसंच दाखवा.

एवढ्या काठावरच्या गणितात दोन-चार मतं इकडची तिकडे झाली की जागा जाते. शिवाय पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून या निवडणुकीत आमदारकी जात नाही. पक्षांतरबंदी कायदा इथे लागत नाही, पक्ष फार तर स्वतःची कारवाई करतो. हॉटेलं भरतात ती या धाकाने. माझ्या मते ही पद्धत आमदाराच्या आणि त्याला निवडणाऱ्या गावाच्याही सन्मानाला शोभत नाही.

आणि आपल्या भागासाठी एक हिशेब मनात ठेवा. विदर्भाचे आमदार ६२. सहा जागा असोत की सात, हे ६२ जण एका नावावर आले तर एक खासदार स्वबळावर पाठवू शकतात आणि वर मतं उरतात. तसं होत नाही, कारण मत पक्षाच्या आदेशाने पडतं. विदर्भाला माणूस मिळत नाही असं नाही. बोंडे आधी मोर्शीचे आमदार होते, प्रफुल्ल पटेल यांचं घर गोंदियाचं. पण ते ठरतं पक्षाच्या बैठकीत. उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अटही २००३ मध्येच निघाली. त्याच २०२२ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून निवडून आले. कायद्याने यात काही गैर नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये तो बदल मान्य केला. मला मात्र ती अट हवी होती.

संबंध काय, म्हणता? तुमच्या गावाहून पैनगंगेकडे गेलं की पलीकडे तेलंगणा. ते राज्य करणारं विधेयक २० फेब्रुवारी २०१४ ला राज्यसभेत मंजूर झालं, तेव्हा कुठे २ जूनला राज्य उभं राहिलं. उद्या वेगळ्या विदर्भाचं विधेयक आलं तर तेही याच सभागृहातून जावं लागेल. २०२० च्या तीन शेती कायद्यांपैकी दोन विधेयकं २० सप्टेंबरला इथेच, गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर झाली. कपाशी पिकवणाऱ्या घराचा संबंध नाही असं कसं म्हणायचं? पैशाच्या विधेयकावर तेवढं राज्यसभेचं फार चालत नाही. चौदा दिवसांत ते परत करावं लागतं.

पुढच्या वेळी मतं मागायला उमेदवार आले की सासऱ्यांनाच पुढे करा. "राज्यसभेले कोनाले देसान?" एवढंच त्यांनी चारचौघांत विचारावं.

प्रश्न : राज्यसभेला 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) असतो का? — एक विद्यार्थी, दारव्हा

उत्तर : नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो या निवडणुकीतून काढला.

प्रश्न : आमच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जायला पक्का रस्ता नाही. लोकसभेच्या खासदारांना निवेदन दिलं, पण काम झालं नाही. राज्यसभेच्या खासदारांकडे जाता येतं का? — एक शिक्षक, झरी जामणी तालुका

उत्तर : जाता येतं, आणि जावंच. त्यांनाही खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी असतात. लोकसभेच्या खासदाराचा निधी मुख्यतः त्याच्या मतदारसंघात जातो. राज्यसभेचा सदस्य ज्या राज्यातून निवडून आला त्या राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवू शकतो. म्हणजे महाराष्ट्राचे १९ च्या १९ जण तुमच्या पोडाचा रस्ता सुचवू शकतात. मार्गदर्शक सूचनांत अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी साडेसात टक्के निधीची तरतूद आहे, ती अर्जात लिहा. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि काम जिल्हा प्रशासनाकडून होतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव, रस्त्याची लांबी, जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, आणि पावसाळ्यातल्या चिखलाचे दोन फोटो सोबत जोडा. एक प्रत खासदारांना, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला, आणि दोन्हींची पोच घ्या. पोच न घेता परतू नका.