तीन सिगारेटींचा प्रश्न

प्रश्न : माझे वय 41 वर्षे असून वजन 124 किलो आहे. मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही आहे, म्हणून मला गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात आला आहे. मी 20 वर्षांपासून सिगारेट ओढतो. पूर्वी दिवसाला बारा-पंधरा होत असत, त्या मी गेल्या दोन महिन्यांत तीनवर आणल्या आहेत. तरीही सर्जन म्हणतात, की सहा आठवडे एकही सिगारेट ओढली नाही आणि लघवीच्या तपासणीत तसे दिसले, तरच शस्त्रक्रियेची तारीख मिळेल. तीन सिगारेटींनी असा काय फरक पडतो? शिवाय सिगारेट सोडली की वजन वाढते, असे सगळेच सांगतात. मग वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते मुद्दाम वाढवून घ्यायचे का? आणि तपासणीच्या आधी चार-पाच दिवस बंद ठेवले, तर चालण्यासारखे आहे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण पत्र बहुधा त्याच्यासाठीच लिहिले असावे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. निकोटीन रक्तातून काही तासांत उतरते, परंतु यकृत त्याचे कोटिनिन नावाच्या पदार्थात रूपांतर करते आणि हे कोटिनिन शरीरात बरेच रेंगाळते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 16 ते 20 तास लागतात, त्यामुळे नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत ते शेवटच्या सिगारेटनंतर कित्येक दिवस, कधी आठवडाभरही सापडते. तुमचा चार-पाच दिवसांचा हिशेब जुळेलच असे नाही. पण समजा, तो जुळला आणि तारीख मिळाली. प्रयोगशाळेला चुकवता येईल, पण शस्त्रक्रियेत पोटात जो नवा जोड तयार होणार आहे, त्याला चुकवता येणार नाही.

हा जोड काय असतो, ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची, जेमतेम 30 मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी केली जाते आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडला जातो. एरवी जठरातले आम्ल लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते आणि तिथे स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस त्याची तीव्रता मारतो. त्यापुढच्या आतड्यावर कडक आम्ल सोसण्याची वेळच येत नाही. बायपासनंतर मात्र पिशवीतले आम्ल, थोडे का असेना, थेट याच आतड्यावर पडते. रक्तपुरवठा चांगला असेल तर आतड्याचे अस्तर ते निभावून नेते. निकोटीन नेमक्या बारीक रक्तवाहिन्या आकसवते, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो, म्हणजे जोडापर्यंत रक्त कमी पोहोचते आणि जे पोहोचते त्यात प्राणवायूही कमी असतो. अशा जोडावर जो व्रण होतो त्याला डॉक्टर मार्जिनल अल्सर म्हणतात, आणि धूम्रपान हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्यात पोटाच्या वरच्या भागात दुखते, उलट्या होतात, रक्तस्राव होऊ शकतो आणि कधी भोकही पडते. भोक पडले तर रात्री-अपरात्री पुन्हा पोट उघडण्याची वेळ येते. याशिवाय जखम उशिरा भरणे, तिच्यात जंतुसंसर्ग होणे, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, भूल देताना श्वासनलिका आकसणे, हे धोके आहेतच, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत यातल्या शेवटच्या धोक्याची भूलतज्ज्ञांना विशेष काळजी असते.

आता तीन सिगारेटींविषयी. पंधरावरून तीनवर येणे सोपे नव्हते, याची मला कल्पना आहे. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सिगारेटी कमी केल्या की माणूस उरलेल्या सिगारेटी नकळत खोल झुरके घेऊन, अगदी बुडापर्यंत ओढतो, त्यामुळे शरीरात जाणारे निकोटीन आकड्याच्या प्रमाणात घटत नाही. दुसरे असे, की सुटल्या त्या बारा सिगारेटी सोप्या होत्या. कोणी पुढे केली म्हणून, वाट पाहताना वेळ जाईना म्हणून ओढलेल्या. उरलेल्या तीन कोणत्या, ते तुम्ही लिहिलेले नाही, पण सकाळी उठल्या उठल्या एक, जेवणानंतर एक आणि झोपण्यापूर्वी एक, असा माझा अंदाज आहे. खरे व्यसन या तिघींत आहे. त्या चालू असेपर्यंत मेंदूतली निकोटीनची मागणी रोज जागी होते, आणि म्हणूनच पंधरावरून तीनवर येण्यापेक्षा तीनवरून शून्यावर येणे अवघड वाटते.

सहा आठवडे का, असेही तुमच्या मनात असेल. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो, पण श्वासनलिकेतले, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस पुन्हा नीट काम करू लागायला आणि जखम भरून काढण्याची शरीराची क्षमता सुधारायला काही आठवडे जावे लागतात. मधल्या काळात खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटू शकतो. पुष्कळ जण तेवढ्यावरून सिगारेट सोडणे मानवत नाही, असा निष्कर्ष काढतात आणि पुन्हा सुरू करतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. शक्य तर वर्षभर आधी आणि अगदी कमीत कमी सहा आठवडे आधी तंबाखू सोडावी, असा या शस्त्रक्रियांच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे, तेव्हा तुमच्या सर्जनने तुम्हाला सवलतीची मुदत दिली आहे, असेच समजा.

वजनाची भीती खोटी नाही. निकोटीन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवते, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही महिन्यांतच वाढते. काहींचे मुळीच वाढत नाही, काहींचे त्याहून जास्त वाढते. पण 124 किलोचे 128 झाल्याने शस्त्रक्रियेचा धोका जितका वाढेल, त्याच्या कितीतरी पट धोका सिगारेट सुटल्याने कमी होईल. आहारतज्ज्ञांना आणि सर्जनना सिगारेट सोडण्याचा दिवस आधी कळवून ठेवा, म्हणजे मधल्या काळात काटा थोडा वर गेला तर त्याचा अर्थ त्यांना ठाऊक असेल. माझा आग्रह एवढाच, की सिगारेट सोडणे आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा, यकृताचा आकार कमी करण्यासाठी दिला जाणारा कमी कॅलरींचा आहार, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करू नका. तलफ पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते. तो काळ आधी पार पडू द्या.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही. व्हेरेनिक्लिनच्या गोळ्या सिगारेट सोडण्याच्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात. त्यांत निकोटीन नसल्याने तुमच्या तपासणीत त्या अडचण आणत नाहीत. ब्युप्रोपिऑन हा दुसरा पर्याय आहे, मात्र ज्यांना कधी आकडी आली असेल त्यांना तो देत नाहीत. निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगगम वापरले तर कोटिनिनची तपासणी सकारात्मक येणार, म्हणून ते सुरू करण्याआधी सर्जनना सांगणे आवश्यक आहे. अशा वेळी अ‍ॅनाबेसिन या, तंबाखूत असणाऱ्या पण गममध्ये नसणाऱ्या पदार्थाची तपासणी करता येते, किंवा श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजता येतो. शस्त्रक्रियेच्या अगदी जवळ गम आणि पॅचही नकोत, असे काही सर्जनांचे मत असते, तेव्हा हे आधीच विचारून घ्या. गम साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. चरचरीत चव येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, चव ओसरली की पुन्हा चावायचे. ते तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी टाळायची, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही.

चहा-कॉफीवरून आणखी एक गोष्ट. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करत असते. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीतले कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट राहते. हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड होणे याचा सगळा दोष मग सिगारेट सोडण्याला दिला जातो. कॉफी पहिल्या दिवसापासून निम्मी करा. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही बदलावे लागू शकते, म्हणून या काळात साखर अधिक वेळा तपासा.

तलफेची एक लाट काही मिनिटांची असते. माझे एक रुग्ण जेवण झाले की लगेच उठून घरातली सगळी भांडी घासायला बसत. ओल्या हातांनी काडी ओढता येत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र, पण त्यांची जेवणानंतरची सिगारेट त्यानेच सुटली.

प्रश्न : माझ्या यजमानांची स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची) आठ महिन्यांपूर्वी झाली. त्याआधी त्यांनी सिगारेट पूर्ण सोडली होती. आता रात्री जेवणानंतर गच्चीवर जाऊन एखादी ओढतात, हे मला वासावरून कळते. विचारले तर म्हणतात, की जखम केव्हाच भरली, आता काय होणार? सर्जनना मी सांगावे का?

उत्तर : स्लीव्हमध्ये आतडे वर आणून जठराला नव्याने जोडलेले नसते, त्यामुळे वरच्या उत्तरात सांगितलेला जोडावरचा व्रण त्यांना होणार नाही, एवढे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण स्लीव्हनंतर मुळातच अनेकांना आम्ल घशाशी येण्याचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो, आणि सिगारेट अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल करून त्यात भर घालते. हाडे विरळ होण्याचा धोका शस्त्रक्रियेनेही वाढतो आणि धूम्रपानानेही. शिवाय रोज एकीवर कायम थांबलेले लोक फार थोडे असतात.

आठ महिन्यांनीच हे का सुरू झाले, याकडेही पाहावे. पूर्वी दिवसभराचा ताण रात्रीच्या भरपेट जेवणात विरघळत असे. आता चार घासांत पोट भरते आणि ताण तसाच राहतो. अशी रिकामी जागा काही जण सिगारेटने भरतात, काही दारूने, आणि या शस्त्रक्रियांनंतर दारू अधिक वेगाने चढते. त्यांच्या मागे गच्चीवर जाऊ नका. पुढच्या तपासणीला मी बरोबर येणार आहे आणि तुम्ही सांगितले नाही तर तुमच्यासमोरच मी हा विषय काढणार आहे, असे त्यांना आजच सांगून टाका. त्यांच्या पाठीमागे सर्जनना फोन करण्यापेक्षा मला हे अधिक सरळ वाटते. दरम्यान काळी, डांबरासारखी शौचास झाली, उलटीत रक्त दिसले किंवा पोटात वरच्या बाजूला अचानक तीव्र दुखू लागले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू चघळते. शस्त्रक्रियेच्या अर्जात ‘धूम्रपान करता का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिले आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : शब्दशः बरोबर आहे, पण तपासणीत कोटिनिन सापडेल आणि मग खुलासा करावा लागेल. चघळण्यात कार्बन मोनॉक्साइड नसतो, मात्र निकोटीन तेच असते आणि रक्तवाहिन्या तशाच आकसतात. तपकीर आणि ई-सिगारेट यांनाही हेच लागू आहे. त्या रकान्याच्या शेजारी स्वतःच्या हाताने ‘तंबाखू चघळते’ असे लिहा आणि रोज किती वेळा, तेही लिहा.