वाफेच्या इंजिनावर फुकट राबायचंय? मग आधी चिंधी घे हातात

अरे, प्रश्न वाचला आणि पोहे तसेच ठेवून लिहायला बसले. तू म्हणतोस सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमला एमएससीला चाललोय, तिकडे नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, स्टीम इंजिन चालवायला व्हॉलंटिअर म्हणून घेतात का, पहिल्याच वीकेंडला इंजिनावर चढता येईल का, आणि जायच्या आधी नागपुरात काही शिकता येईल का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं थोडंफार.

मी कोण सांगणारी, तर माझे बाबा नागपुरात मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नॅरोगेज आमच्या घरात नुसती रेल्वे नव्हती, ती धुण्यातली काजळी होती. आई बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि त्या इंजिनांच्या नावाने बोटं मोडायची. सुट्टीत इतवारीहून गाडीत बसून सौसरला मावशीकडे जायचो, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण गेलाच समज, मग आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ घेऊन डोळ्याला लावायची. वाफेवर चालणारी गाडी आणि वाफेनेच उपाय. असो.

मुलगी तिकडे बर्मिंगहॅमजवळच राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले तेव्हा वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर नऊ दिवस काम केलं. हा उच्चार चुकीचा आहे, खरा मला अजून जमत नाही, दोन एल आले की ते लोक जिभेच्या बाजूने हवा सोडतात. तू बर्मिंगहॅमला राहणार म्हणून मुद्दाम हीच सुचवते, कारण ही रेल्वे वाचवणाऱ्या हौशी लोकांची सोसायटी बर्मिंगहॅमलाच जन्माला आली, ११ ऑक्टोबर १९५० च्या मीटिंगमध्ये. त्या वर्षी रेल्वेचे मालक सर हेडन जोन्स वारले, स्लेटच्या पाट्यांची खाण आधीच बंद पडलेली, लाईन भंगारात जाणार होती. एल. टी. सी. रोल्ट नावाचा लेखक आणि त्याचे मित्र म्हणाले आम्ही चालवतो, फुकट. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी सुटली तेव्हा चालण्याजोगं इंजिन होतं एकच, डॉलगॉख, १८६६ चं. व्हॉलंटिअरांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे ती हीच. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट तीन इंच, म्हणजे आपल्या अडीच फुटीपेक्षाही तीन इंच अरुंद. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते हे काय खेळणं आहे का.

आता काम. पहिल्या दिवशी मला मिळाली एक चिंधी आणि पितळ. दरवाज्यांच्या मुठी, इंजिनाच्या घुमटावरचं पितळ, नावाची पाटी. त्यांच्याकडे डबीतलं पॉलिश, मी म्हटलं चिंच-मीठ असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं, कोणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी डबे पुसणं, तिसऱ्या दिवशी रुळाच्या कडेची काटेरी झुडपं तोडणं. माझ्यासोबत एक निवृत्त डेंटिस्ट होता आणि एक सोळा-सतरा वर्षांची पोरगी, आणि ती पोरगी डेंटिस्टला शिकवून राहिली होती कारण ती तीन वर्षांपासून येत होती. तिथे वय, डिग्री काही चालत नाही, किती शनिवार आलास एवढंच चालतं. तुझं मेकॅनिकल इंजिनिअरिंग तू घरी ठेवून जा, निदान पहिले दोन महिने तरी. इंजिनावर जायचा रस्ता तोच जो आपल्याकडे होता, आधी इंजिन पुसणारा क्लीनर, मग कोळसा टाकणारा फायरमन, मग ड्रायव्हर, आणि फुकट काम करतोय म्हणून कोणी परीक्षेत सूट देत नाही. ड्रायव्हर होईपर्यंत वर्षं जातात. तू एका वर्षासाठी चाललास, तर क्लीनरपर्यंत नीट पोचलास तरी खूप झालं.

पण क्लीनरचं काम कमी समजू नको. मी एक दिवस पहाटे शेडमध्ये नुसती बघायला गेले, तिथे कळलं बाबा पहाटे का निघायचे. गाडी सकाळी दहा-साडेदहाला सुटायची असेल तर माणूस पाचला शेडमध्ये. आधी कालची राख काढायची, पुढचा धुराचा कप्पा म्हणजे स्मोकबॉक्स झाडायचा, बॉयलरमधल्या धुराच्या ट्यूबांमधून ब्रश फिरवायचा, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, गेज ग्लासमध्ये, पाणी दिसतंय का ते बघायचं, आणि मग कुठे तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि लाकडं पेटवायची, कोळसा त्यानंतर, थोडा थोडा. घाई केली तर फायरबॉक्सचे, म्हणजे आग पेटते त्या पेटीचे, पत्रे एकीकडे तापतात, दुसरीकडे थंडच राहतात आणि जोडांवर ताण येतो, म्हणून तासन्‌तास हळूहळू. फायरबॉक्सच्या छतावर कायम पाणी पाहिजे, ते खाली गेलं तर छतातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ थेट आगीत घुसते, म्हणजे इंजिन तर वाचतं पण क्रूची दिवसभराची अब्रू जाते. बाबा एका फायरमनबद्दल कायम एवढंच म्हणायचे, त्याने प्लग उडवला होता. बाकी त्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही!

कोळशाची गंमत ऐक. वेल्स म्हणजे कोळशाचा देश, आणि आता तिथल्या या गाड्यांना बाहेरून आणलेला कोळसा नाहीतर चुऱ्याचे दाबून केलेले गोळे जाळावे लागतात, कारण तिथली शेवटची मोठी खुली खाण २०२३ मध्ये बंद झाली. शेडमधले लोक त्या गोळ्यांना जी नावं ठेवतात ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. आणि आपल्या उमरेडला कोळसा आहे पण वाफेचं इंजिन नाही.

प्रवासाचं विचारलंस. समुद्राकाठच्या टवीनपासून वर नँट ग्वेर्नॉलपर्यंत सव्वासात मैल, जायला साधारण तासभर. जुने चार चाकांचे डबे मिळाले तर त्यातच बस, त्यातले काही बर्मिंगहॅमच्याच ब्राऊन मार्शल कंपनीत बनलेत. त्यांना दारं एकाच बाजूला आहेत. १८६६ मध्ये सरकारी इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर तपासायला आला, त्याच्या लक्षात आलं की पुलांखाली डबा आणि भिंत यात माणूस बाहेर पडेल एवढी जागाच नाही, मग एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि दुसऱ्या बाजूला जागा व्हावी म्हणून पुलाखालचे रूळ जरा सरकवले. पूल पाडण्यापेक्षा स्वस्त! गार्डच्या डब्याला एक खिडकी आहे, पूर्वी तिकिटं तिथूनच विकायचे. आवाज ऐकायचा असेल तर पुढचा डबा, वळणावर इंजिनाचा फोटो पाहिजे असेल तर मागचा. पांढरा शर्ट घालू नको. वाटेत डॉलगॉख नावाचंच स्टेशन आहे, तिथे उतर, धबधबा पाच-दहा मिनिटांवर आहे, पुढच्या गाडीने परत चढ.

नागपुरात काय शिकशील? मोतीबागेत कडबी चौकाजवळ नॅरोगेजचं म्युझियम आहे, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, डिसेंबर २००२ पासून. टॉय ट्रेनमध्ये एक चक्कर मार आणि मग तिथल्या उभ्या इंजिनाशेजारी तासभर बस, पाणी कुठून जातं, वाफ कुठून निघते, सिलिंडरपर्यंत कशी पोचते ते बोटाने माग काढत बघ. थंड इंजिन शिकायला चांगलं, ते घाई करत नाही. फक्त आपल्याकडे चालत्या इंजिनावर चढायचा नाद करू नको, रेल्वे कायद्याच्या कलम १५६ मध्ये छत, पायरी आणि इंजिन तिन्ही एकाच ओळीत बसवलेत.

आणि एक, तू लिहिलंस ना की त्यांनी नॅरोगेज वाचवलं आणि आपण मूर्खांनी उखडलं. मलाही वाईट वाटतं, ब्रॉडगेज करायची म्हणून छिंदवाडा लाईन २०१५ ला बंद झाली आणि नागभीडची २०१९ ला, त्या नागभीडच्या शेवटच्या दिवसांत मी मुद्दाम भिवापूरपर्यंत जाऊन आले. पण डब्यात शेजारी मिरचीचं पोतं घेऊन बसलेली बाई म्हणाली, ताई तुम्ही फोटो काढाले आल्या, आमाले रोज जा लागते. तिला ब्रॉडगेज पाहिजे होती आणि तिचं बरोबर होतं. टॅलिलिनवर बसणारा माणूस मजेसाठी बसतो. माझी तक्रार एवढीच की दहा-वीस किलोमीटरचा एखादा तुकडा राखता आला असता, पोरांना राख काढायला.

विसाचं नीट बघ. मी व्हिजिटर विसावर गेले होते, त्यावर नोंदणी झालेल्या चॅरिटीसोबत एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटिअरिंग चालतं. तुझा स्टुडंट विसा, तिथे 'व्हॉलंटिअरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' हे दोन वेगळे प्रकार धरतात आणि दुसरा तुझ्या कामाच्या तासांत मोजतात, म्हणून युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी घे. मी आधी सोसायटीची मेंबर झाले, मग तारखा कळवल्या. बूट मात्र इथूनच टाचा-चवडे जाड असलेले नेऊ नको, तिथे बोटांवर लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट लागतात, तिकडेच घे.

बर्मिंगहॅमहून टवीनला थेट गाडी आहे, पण मखंथलेथ नावाच्या स्टेशनवर ती दोन तुकड्यांत तुटते, अर्धी अ‍ॅबरिस्टविथला जाते आणि अर्धी किनाऱ्याने पुल्हेलीकडे. अनाउन्समेंट होते, पण मी खिडकीशी डबा उघडून चिवडा खात बसले होते आणि थेट अ‍ॅबरिस्टविथला उतरले. पुल्हेलीचा डबा विचारून बस.