भाचीला पुण्याला आणताय? आधी गोळ्यांचं आणि बोलण्याचं बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. बहीण आणि दाजी दोघंही गेले, नऊ वर्षांची भाची बीडकडे तुमच्या आईपाशी आहे, तिला एचआयव्ही आहे आणि जूनपासून शाळेला तिला पुण्याला आणायचं आहे. वहिनींना आपल्या दोन लेकरांची काळजी वाटते आणि नातेवाईक म्हणतात, पोरीला काही कळू देऊ नका. मी मराठवाड्यात एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रावर, बरीच वर्षं समुपदेशक होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वहिनींची भीती लवकर मिटेल. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, खेळण्याने, भांडणाने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. तिघांचेही टूथब्रश वेगळे ठेवा, जखम झाली तर हातमोजा घालून धुवा. हे तर कुठल्याही घरात पाळायला हवं.

नातेवाईक विचारतात ना, बहीण गरोदरपणात निगेटिव्ह होती, मग पोरीला आलं कुठून? ऊसतोडीच्या पट्ट्यात हे मी खूप पाहिलंय. पहिल्या महिन्यांत गावी तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला. मग दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयताच म्हणतात) टोळीबरोबर कारखान्यावर गेला. पुन्हा तपासणी झालीच नाही. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळ अंगावर पीत असताना आईला नव्याने लागण झाली, तर त्या वेळी तिच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो आणि बाळाला धोका सगळ्यात जास्त. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात 15 ते 45 असतं, वेळेवर उपचार मिळाले तर ते 5 च्या खाली येतं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत नक्की काय झालं ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तिच्या चारित्र्यावर बोलणाऱ्यांना एवढं ऐकवा.

आता मुख्य गोष्ट. आज या मुलांचा घात बहुतेक वेळा गोळ्या चुकल्याने होतो. 2006 च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला, त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्याव्या लागायच्या. आता मुलांच्या ताकदीच्या गोळ्या सरकारी सेंटरवर फुकट मिळतात. रोज ठरल्या वेळी घेतल्या तर मूल शिकतं, वाढतं, पुढे संसारही करतं. पण डोस वजनावर ठरतो. म्हणून पोरीला घरी ठेवून कुणाच्या हाती गोळ्या मागवू नका, दर खेपेला तिला घेऊन जा. वजन वाढलं नाही, ताप किंवा खोकला रेंगाळला, तर टीबीची तपासणी आपणहून मागा. आजीला खोकला असेल तर आजीचीही. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट आला की आकडा काय, हे विचारून ग्रीन बुकमध्ये, म्हणजे सेंटरने दिलेल्या तिच्या उपचाराच्या वहीत, नोंदलाय का ते बघा.

आणि गोळ्या का चुकतात? लपवाछपवीने. लेबल खरवडलेली बाटली, तीही तांदळाच्या डब्यात. पाहुणे आले की डबा उघडत नाही, म्हणजे त्या दिवशीची गोळी गेली. आमच्याकडे एका मुलाला आजीने सांगितलं होतं, ‘ताकदीच्या गोळ्या आहेत.’ तेराव्या वर्षी तो कबड्डीच्या टीममध्ये आला आणि त्याने गोळ्या बंद केल्या. मी विचारलं तर म्हणतो, ‘सर, आता आली की ताकद.’ त्याचं काय चुकलं सांगा?

म्हणून भाचीला सांगा. एकदम सगळं नको. आत्ता एवढं पुरे, की रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते, गोळी चुकली की तो उठतो. आजाराचं नाव दहा-अकराव्या वर्षी, सेंटरवरच्या समुपदेशकासमोर. तिने विचारलं, ‘आईला पण हेच होतं का?’ तर खोटं बोलू नका. नाहीतर सेंटरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचून ती स्वतःच शोधून काढेल, मुलं तिथे बसल्या बसल्या सगळं वाचतात.

शाळेत सांगायची सक्ती नाही. लातूरच्या हासेगावात 2009 साली एचआयव्ही असलेली मुलं शाळेत आली म्हणून गावकऱ्यांनी आपली मुलं काढून घेतली होती. आता 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. त्यात शाळेत भेदभाव करायला आणि संमतीशिवाय कुणाची माहिती फोडायला मनाई आहे. माझं मत विचाराल तर सुरुवातीला कुणालाच सांगू नका. गोळीची वेळ रात्री जेवणानंतरची ठेवलीत तर शाळेचा प्रश्नच येत नाही. सहलीला जायची वेळ आली तर एखाद्या समजूतदार बाईंना तेव्हा सांगता येईल.

पैशाचं म्हणाल तर बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, महिना 2,250 रुपये मिळतात. दोघांचेही मृत्यूचे दाखले आईकडून आत्ताच मागवून ठेवा, कारण अर्ज तिथेच अडकतो. काही अडलं तर 1097 हा एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनचा फुकटचा नंबर आहे.

भाचीचं नाव बीडच्या सेंटरवरून हलवायचं काम मे महिन्यातच उरका. ग्रीन बुक आणि बदलीचं पत्र घ्या, हातात किमान महिनाभराच्या गोळ्या असू द्या, आणि पुण्याच्या सेंटरवर नोंदणी झाल्यावरच आईकडची बाटली संपू द्या.