पहिल्याच भेटीत विचार

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कंबरदुखीचा रुग्ण, एमआरआयमध्ये वयानुसार होणारे बदल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि राउंडवर तुझ्या वॉर्डातल्या सरांनी दिलेला शेरा: 'मानसिक आहे, सायकिअॅट्रीला पाठव.' आता तू मला विचारतेस, त्याचं दुखणं खरं की मनाचं?

हा प्रश्न तुझ्या पिढीलाही पडावा याचा मला त्रास होतो. मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेचा गेट कंट्रोल सिद्धांत 1965 मध्ये मांडला. इजेकडून येणारे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात आणि मेंदूही वरून त्यात हात घालतो, हे तू परीक्षेत लिहून पास झालीस. भीती, झोप, घरची विवंचना हे सगळं त्याच मज्जासंस्थेतून जातं. मग वॉर्डात पाऊल टाकताच 'खरं की मनाचं' कुठून आलं? उलट बाजूही बघ. काहीही दुखत नसलेल्या 20 वर्षांच्या माणसांचे स्कॅन काढले, तरी सुमारे 37 टक्क्यांत मणक्याच्या चकतीची झीज दिसते. ऐंशीत ती जवळपास सगळ्यांत असते. म्हणजे फिल्म बिघडलेली असून माणूस ठीक असू शकतो, आणि फिल्म ठीक असून माणूस वेदनेने कळवळत असू शकतो.

माझं एकच म्हणणं आहे, आणि ते मी म्हातारपणी बदलणार नाही. घर, काम, भीती, झोप यांबद्दल पहिल्याच भेटीत विचार. रिपोर्ट यायच्या आधी. सगळं नॉर्मल आल्यावर विचारलंस, तर रुग्णाला बरोबर कळतं की डॉक्टरांचा आता आपल्यावर विश्वास उरलेला नाही. तो गप्प होतो किंवा चिडतो, आणि आपण फाइलवर 'सहकार्य नाही' असं लिहून मोकळे होतो.

डॉ. जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जैव-मनो-सामाजिक प्रारूप मांडलं, म्हणजे आजारात शरीर, मन आणि भोवतालचा समाज तिन्ही एकत्र बघायचे, एवढं तुला पाठ आहे. पण त्यांचा 1980 चा लेख वाच. त्यात दुसऱ्यांदा हार्ट अटॅक आलेला 55 वर्षांचा माणूस आहे. इमर्जन्सीत धमनीतून रक्त घेण्याचे प्रयत्न फसत राहिले, मदत आणायला डॉक्टर त्याला एकट्याला सोडून गेले, आणि त्याचं हृदय बंद पडलं. तो वाचला. नंतर एंगेल यांनी त्याच्याशी बोलून ते क्षण उलगडले: वेदना, चीड, या लोकांना जमत नाहीये ही जाणीव. त्यांच्या मते हृदयाची लय बिघडण्यात या सगळ्याचा वाटा होता. आजार इथे हृदयाचाच होता, ईसीजी स्पष्ट होता, तरीही मन आणि भोवतालची माणसं त्यात होती. तूही रोज धमनीत सुई घालतेस, म्हणून सांगतोय.

मन म्हणजे तपासण्यांतून उरलेल्यांची खोली नव्हे. फ्रॅक्चरच्या रुग्णालाही विचार, मधुमेहाच्या रुग्णालाही विचार. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांवर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. त्यांच्या त्वचेवर केलेली लहानशी जखम इतर स्त्रियांपेक्षा सरासरी 9 दिवस उशिरा भरली. जखम सगळ्यांना सारखीच केली होती.

'सामाजिक' म्हटलं की तुम्ही मुलं फक्त गरिबी ऐकता. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. सगळे पगारी, कार्यालयात बसणारे पुरुष. तरी सर्वात खालच्या श्रेणीत मृत्यूचं प्रमाण सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही त्यातला बराचसा फरक उरलाच. कामाच्या जागी माणसाचं कोण ऐकतं, हा हृदयाशी संबंधित प्रश्न आहे. तो विचारल्याबद्दल मला कधी संकोच वाटला नाही.

वेळ नाही, असं तू म्हणशील. मलाही आयुष्यभर ऐकवलं गेलं की माझी ओपीडी रेंगाळते. रेंगाळायची. पण सहाव्या खेपेला तोच माणूस नवा स्कॅन घेऊन येतो, तेव्हा गेलेला वेळ कुणी मोजत नाही. मी बरोबर होतो असंच मला आजही वाटतं. खंत एवढीच की माझ्या विभागात ही पद्धत माझ्याबरोबरच निवृत्त झाली. केस पेपरवर तिच्यासाठी रकाना छापून घ्यायला हवा होता, आणि त्यासाठी मी पुरेसा भांडलो नाही.

आणि हो, याचा अर्थ सगळं तणावावर ढकलायचं असाही नाही, तो तितकाच आळस आहे. रात्री दुखणं वाढतं का, वजन उतरलंय का, पाय बधिर होतात का, लघवीवरचा ताबा गेलाय का, हे आधी विचार. त्याच बैठकीत पुढे विचार, की दुखायला लागलं तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, आणि हे दुखणं नेमकं काय आहे असं त्याला स्वतःला वाटतं. मग बोलणं थांबवून ऐक. ओझं उचलण्याचं काम असेल, तर हलकं काम द्यावं असं पत्र मालकाच्या नावे स्वतः लिहून दे. सायकिअॅट्रीला पाठवायची गरज वाटली तर जरूर पाठव, पण फिजिओथेरपी चालू ठेव आणि फॉलोअपची तारीख तुझ्याच ओपीडीची दे.

तुझा,
सर