कोर्टात लग्न करतेयस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला आणि इतका आनंद झाला की काय सांगू. पण आम्ही दोघी मुली इथे अमेरिकेत कोर्टातच लग्न करतोय, साधंच आहे, कोणाला बोलवत नाहीये, नंतर जमलं तर मोठं करू, असं सगळं तू एका दमात लिहिलंयस, जणू कोणी तुला जाब विचारलाय. तसं काही नको गं. लग्न त्याच दिवशी लागणारे, पुढे हॉल घेऊन कार्यक्रम केलात तर मी नटूनथटून येईन, पण तोवर तुमचं लग्न होऊन गेलेलं असेल.

तुला जिम ओबर्गफेल माहितीये ना, ज्यांच्या नावाच्या केसमध्ये २६ जून २०१५ ला निकाल लागला आणि अमेरिकेत सगळीकडे दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करता यायला लागलं. त्यांचं स्वतःचं लग्न कसं झालं माहितीये? जोडीदार जॉन आर्थर एएलएस ह्या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या ओहायो राज्यात लग्न करता येत नव्हतं, म्हणून जुलै २०१३ मध्ये छोट्या मेडिकल विमानाने दोघं बाल्टिमोरला गेले आणि तिथे विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानातच लग्न लावून परत फिरले. त्याच ऑक्टोबरमध्ये जॉन गेले. आणि ओहायोच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून जिमचं नाव यायला हवं, भांडण सुरू झालं ते ह्यावरून, एका कागदावरच्या एका रकान्यावरून! म्हणून कोणी म्हणालं ना की कागदाने काय होतं, तर मनावर घेऊ नकोस.

डेल मार्टिन आणि फिलिस लायन ह्या दोघींचंही असंच. पन्नासेक वर्षं एकत्र राहून झाल्यावर १२ फेब्रुवारी २००४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये लग्न केलं, ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ती सगळी लग्नं रद्द केली, तर १६ जून २००८ ला तिथेच पुन्हा केलं. डेल त्यानंतर अडीच महिनेही जगल्या नाहीत, पण गेल्या त्या फिलिसची कायदेशीर बायको म्हणून. तुम्ही दोघी ज्या काउंटरसमोर उभ्या राहणार आहात ना, तिथे पोचायला लोकांना एवढं लागलंय, त्यामुळे लाजत, अंग चोरून जाऊ नका.

आता कामाचं. आधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नाहीतर शहराच्या क्लर्ककडून लायसन्स काढायचं, म्हणजे लग्नाची परवानगी, आणि ते मिळालं की लगेच लग्न लागेलच असं नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. न्यूयॉर्कमध्ये चोवीस तास थांबावं लागतं, टेक्सासमध्ये बहात्तर, कॅलिफोर्नियात अजिबात नाही. आणि लायसन्सला मुदत असते, न्यूयॉर्कचं साठ दिवस चालतं. सगळ्याच ऑफिसात लग्न लावून देतात असंही नाही, काही ठिकाणी नुसतं लायसन्स मिळतं, तेव्हा फोन करून विचार आणि अपॉइंटमेंट घे. त्याच फोनवर हेही सांग की आम्ही दोघी मुली आहोत, आणि विचार की लग्न लावून झाल्यावर तुम्ही काय जाहीर करता. सवयीने लग्न लावणाऱ्याच्या तोंडात हजबंड अँड वाइफ येऊ शकतं, आणि नेमक्या त्या क्षणी तुम्हाला त्यांना दुरुस्त करत बसावं लागू नये असं मला फार वाटतं.

विधी काही मिनिटांत संपतो. इतकं पटकन होतं की आपण अजून पर्स सावरतोय आणि तिकडे सही मागतायत. म्हणून मुद्दाम सावकाश बोला. दोन-दोन वाक्यं घरून लिहून न्या, बहुतेक ठिकाणी वाचू देतात, आधी विचारायचं फक्त. साक्षीदार बऱ्याच ठिकाणी एक तरी लागतो, तेव्हा जाताना आपलं माणूस न्या, म्हणजे रांगेतल्या अनोळखी माणसाला विनंती करायची वेळ नको. कोणीतरी डोळे भरून बघायला असावं गं तिथे.

आईबाबांचं तू विचारलंयस. तुला कळवायचंच असेल तर आधी कळव, आठ-दहा दिवस तरी, त्यांना रडायला, चिडायला, गप्प बसायला वेळ मिळेल. लग्नाच्या सकाळी फोन करू नकोस. त्यांच्या आवाजातली नाराजी घेऊन तू तिथे उभी राहिलीस तर ते तुझ्या जोडीदारावरही अन्याय आहे, तिचाही तो दिवस आहे ना. आणि सांगणं सुरक्षित वाटत नसेल तर आत्ता सांगू नकोस, ह्यात लपवाछपवी काही नाही.

भारतातलं मात्र स्पष्ट सांगते. सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने हा प्रश्न संसदेवर सोडला, त्यामुळे तुमच्या सर्टिफिकेटला तिकडे लग्न म्हणून मान्यता नाही. म्हणून मृत्युपत्र दोघींनी करायचंच, वय लहान आहे वगैरे मला सांगू नका. बँकेच्या जॉइंट खात्याचं आणि नॉमिनीचं तिथल्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की अशा जोडीदारांना आडकाठी नाही, तेवढं तरी करून घ्या.

इकडे सर्टिफाइड कॉपी एकापेक्षा जास्त मागवा, व्हिसा, इन्शुरन्स, सगळीकडे लागतात. नाव बदलणार असाल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्ड, मग ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट. आणि सही करायच्या आधी फॉर्मवरचं नाव एकमेकींचं वाचा, आपापलं नको, स्वतःच्या नावातली चूक डोळ्यांना दिसत नाही आणि आपली आडनावं ऑफिसात हमखास चुकीची टाइप होतात, मग एका अक्षरासाठी नव्याने अर्ज करा, फी भरा. तारीख ठरली की कळव, मला सुट्टी टाकायचीये.